ते ठरलेलं होतं का?

लग्नाच्या पंगतीत, राजवाड्यावर पोहे खाताना, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, प्रश्न एकच येतो: "त्या रात्री तुमचा भाऊ तुम्हाला रिंगमध्ये टाकून निघून गेला, ते ठरलेलं होतं का हो?" विचारणारे सगळे तिथे हजर होते असं नाही, पण मोबाइलवरचा तो तुकडा पाहिला नाही असा माणूस आमच्या इंदूरच्या नात्यागोत्यात उरलेला नाही. मी हात लांब करून रांगतोय, कोपरा रिकामा आहे आणि पब्लिक वेडं झालंय.

आजवर मी कुणाला "हो" म्हणालो, कुणाला "नाही", वेळ बघून. दोन्ही खरं आहे. पण त्या दोन खऱ्यांच्या मध्ये जे आहे ते ऐकायला कुणी थांबत नाही, तेवढ्यात जिलबी येते. म्हणून हे लिहितोय.

आधी मोठा आक्षेप उरकतो. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे ठरलेलं असतं का? असतं. "म्हणजे नुरा कुस्तीच की" असं म्हणून नाक मुरडणाऱ्या इंदूरकरांनी मला एवढंच सांगावं, की अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्यांबरोबर, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांबरोबर, आखाडे निघतात तेव्हा रात्रभर रस्त्याकडेला बसून ते काय बघतात? पट्टा, बनेठी, तलवार. त्या आखाड्यात आम्ही दोघे लहानपणापासून होतो, मी आणि माझा मामेभाऊ. तो डोक्यावर वार करणार, मी गुडघ्यावर बसून अडवणार, मग त्याची उडी, मग माझा उलटा वार. पंधरवडाभर घोटलेलं असायचं. नसतं घोटलं तर एकाचं डोकं फुटलं असतं. मिला कधीच बंद पडल्या, हुकुमचंद मिल तर १९९१ सालीच, पण झांक्या निघतात, आखाडे खेळतात, आणि मंचावरचे पाहुणे हारतुरे घालतात. तिथे कधी कुणी विचारलं नाही, हे ठरलेलं आहे का म्हणून.

तर, हरण्याची मला लाज नव्हती. हे मी आज म्हणतोय हे खरं. सुरुवातीला होती, भरपूर होती. मातीतल्या कुस्तीत उस्तादांनी एकच गोष्ट हाडांत मुरवली होती: पाठ लागू द्यायची नाही. हरलास तरी चालेल, पण शेवटच्या श्वासापर्यंत कुशीवर वळ, मानेवर पूल कर, पाठ देऊ नकोस. आणि पंजाबात रेसलिंगच्या ट्रेनिंगला गेलो तर पहिल्यांदा शिकवलं काय, तर पाठीवर पडायला! हनुवटी छातीला चिकटवायची, हात पसरून तळवे आपटायचे, सगळी पाठ एकदम टेकवायची. डोकं मागे गेलं की खेळ खलास. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. "गाद्यांवर तर पडता" म्हणणाऱ्यांनी एकदा पडून बघावं. माझं अंग ऐनवेळी आपोआप कुशीवर वळायचं. कोच ओरडायचा, "पहलवानी घर छोड़ के आ!" मामेभावाला हे चटकन जमलं, कारण मातीत त्याची पाठ बऱ्याचदा लागलेली असायची. (हे वाक्य त्याला आवडणार नाही. असू दे.)

पण एकदा जमल्यावर मी असा पडायला लागलो की मार खाण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. जोडीच्या कुस्तीची सगळी गंमत त्यातच असते. प्रत्येक जोडीतला एकच आत. दुसरा दोरांबाहेर, कोपऱ्यातली छोटी दोरी धरून उभा. हाताला हात लागल्याशिवाय त्याने आत यायचं नाही. मग चांगल्यांच्या जोडीतला एक जण समोरच्यांच्या कोपऱ्यात अडकतो. रेफरीची पाठ वळली की दोघे मिळून त्याला तुडवतात. तो सुटतो, रांगत निघतो, हात लागणार एवढ्यात पाय धरून मागे ओढला जातो. असं दोनदा, तीनदा, लोक खुर्च्यांवर चढेपर्यंत. आणि मग हात लागतो, दुसरा ताज्या दमाने आत शिरतो आणि दिसेल त्याला झोपवतो. मार पहिल्याचा, टाळ्या दुसऱ्याच्या. आमच्यात पहिला मी.

आम्ही रॉकर्स या अमेरिकन जोडीवरून शिकलो. शॉन मायकल्स आणि मार्टी जॅनेटी. त्या काळातल्या दांडग्या पैलवानांपुढे दोघे किरकोळ, पण एकाच वेळी उडी, एकाच वेळी लाथ. त्यांचे सुरुवातीचे दिवस आम्हाला पाठ होते. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकन रेसलिंग असोसिएशनमध्ये 'मिडनाइट रॉकर्स' म्हणून जोडीचे बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचे पट्टे, घेतले. त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) बोलावलं आणि एका बारमधल्या दंग्यावरून दोनेक आठवड्यांत हाकललं. पुन्हा जुन्या घरी, पुन्हा तेच बेल्ट, आणि १९८८ मध्ये परत बोलावणं. सगळ्यात विचित्र गोष्ट ३० ऑक्टोबर १९९० ची. अमेरिकेतल्या फोर्ट वेनमध्ये त्यांनी ब्रेट हार्ट आणि जिम नायडहार्टच्या हार्ट फाउंडेशनला हरवून बेल्ट जिंकले. त्या सामन्यात रिंगचा वरचा दोर तुटला. मग कंपनीचं मन फिरलं. सामना टीव्हीवर दाखवलाच नाही, बेल्ट जुन्याच जोडीकडे राहिले. हॉलभर लोकांनी डोळ्यांनी बघितलेली जीत कागदावर कधी आलीच नाही. मामेभाऊ म्हणायचा, "मला हे असलं कधी होऊ नये." मला वाटायचं, आपल्याला म्हणायला हवं होतं ना याने?

आणि मग रेसलिंग बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेला टीव्हीवरच्या सलूनचा प्रसंग. जानेवारी १९९२ मध्ये दाखवलं: शॉनने आधी मार्टीला मिठी मारली, मग तोंडावर लाथ घातली आणि सलूनच्या सेटच्या काचेतून आरपार फेकलं. शॉन कुठल्या कुठे गेला. मार्टीचं नाव शिवीसारखं झालं. कुठलीही जोडी फुटली की लोक विचारतात, यांच्यातला जॅनेटी कोण. आम्ही एकत्र होतो तेव्हाच आम्हाला विचारायचे.

आता ती रात्र.

ग्राउंड इंदूरचंच, आयोजक इथलाच, नाव लिहीत नाही. पुढे सोफ्यांवर नेतेमंडळी, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याच्या मागे बांबूंना लटकलेली पोरं. दुसऱ्या रांगेत आई, मामा, मामी. आई पहिल्यांदाच आली होती. माइकवाला "इंदौर की शान" म्हणून घसा फोडत होता. मला जे सांगितलं होतं ते असं: आपण हरायचं. मी मार खायचा, रांगायचं, बोटाला बोट लागणार एवढ्यात समोरच्या जोडीचा मॅनेजर मामेभावाला खालून पाय धरून ओढणार, मी एकटा पडणार, एक-दोन-तीन, घरी. साधं होतं.

मार चांगला झाला. छातीवरच्या थपडा खऱ्याच असतात, त्याला दुसरा उपाय नाही. वळ उठले होते. एकदा सुटलो, ओढलो गेलो. पुन्हा सुटलो. लोक उभे राहिल्याचं पायांखालच्या फळ्यांतून कळतं. मी रांगत निघालो, हात लांब केला, त्याचा हात पण लांब. मॅनेजर कुठे दिसेना. मी मुद्दाम हळू झालो, म्हटलं त्याला उशीर झाला असेल. तेवढ्यात मामेभावाने हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. दोरी सोडली, खाली उतरला आणि रॅम्पवरून चालायला लागला.

मला वाटलं, तो विसरला. खरंच हेच वाटलं. या धंद्यात माणूस डोक्यावर आपटला की पुढचं विसरतो. पण त्याच्या डोक्याला तर काहीच लागलं नव्हतं, तो आत आलाच नव्हता. मग वाटलं, मी विसरलो. मी परत कोपऱ्याकडे गेलो. का, ते विचारू नका. कोपऱ्यात कुणी नाही हे दिसत होतं तरी गेलो आणि ती लोंबणारी दोरी धरली. मागून समोरचा पैलवान आला, मानेभोवती हात टाकला आणि कानात म्हणाला, "भाई, दो मिनट और खींच, फिर लेट जाना।"

म्हणजे त्याला माहीत होतं. रेफरीला माहीत होतं. माइकवाल्याला माहीत होतं, कारण त्याच्याकडे वाक्य तयार होतं: "खून का रिश्ता भी काम न आया!" आई उभी राहून मामेभावाच्या नावाने ओरडत होती, घरातल्या नावाने, आणि मामा तिचा पदर धरून तिला खाली बसवत होते. मी दोन मिनिटं खेचलं. मग पाठीवर पडलो, अगदी शिकवल्याप्रमाणे, हनुवटी छातीला.

असलं काही मी आधी एकदा ऐकलं होतं. ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये ब्रेट हार्टला वेगळा शेवट सांगितला आणि रिंगशेजारी उभ्या मालकाने, व्हिन्स मॅकमॅनने, तो हरला नसताना घंटा वाजवायला लावली. समोर होता हाच शॉन मायकल्स. पण तिथे बेल्टचं, करारांचं, दुसऱ्या कंपनीत जाण्याचं भांडण होतं. आमच्याकडे भांडण कसलंच नव्हतं. आयोजक नंतर तंबूत मला मिठी मारून म्हणाला, "सांगितलं असतं तर चेहऱ्यावर हे आलं असतं का?" पाकीट ठरल्यापेक्षा जाड होतं. मी घेतलं. मोजलंही.

मामेभाऊ त्या रात्री म्हणाला, "मला वाटलं तुला सांगितलंय." पुढे गणपतीत म्हणाला, "तुला सांगू नको म्हणाले होते." दोन्ही कसं खरं असेल? मी खूप वेळा बसवून बघितलं. असूही शकतं. आधी एकाने सांगू नको म्हटलं असेल, मग दुसऱ्याने म्हटलं असेल की सांगून टाकलंय. या तंबूंत असले घोळ होतात. पण तो माझ्याकडे बघून उतरला. ज्याला वाटतं की समोरच्याला माहीत आहे, तो असा बघतो का? तुकडा थांबवून, मोठा करून बघितलाय. काहीही वाचता येतं त्या चेहऱ्यावर.

घरी गेल्यावर मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं, सगळं ठरलेलं होतं, आधीपासून. नाहीतर आई आणि मामा यांच्यात त्याच रात्री काडीमोड झाला असता. तेव्हाच्या त्या मला आज मी म्हणतो, शहाणपणा केलास, पण स्वतःचं तोंड बंद करून बसलास, आता कुणाजवळ तक्रार करणार? तो तेव्हाचा मी म्हणतो, तक्रार कसली, खेळातच झालं ना सगळं. त्याचंही चूक नाही. नाटकात गळा दाबला तर पोलिसांत जात नाहीत. आई मात्र जेवण वाढता वाढता म्हणाली, "ठरलेलं होतं, तर तू दुसऱ्यांदा कोपऱ्याकडे कशाला गेलास?" मी काहीतरी उत्तर दिलं. तिने पुढे विचारलं नाही. सणावाराला मामेभाऊ आला की त्याच्या ताटात पुरणपोळी एकच पडते, दुसरी त्याला मागावी लागते.

तो पुढे एकटा खेळला, दोनेक वर्षं पोस्टरवर त्याचं तोंड मोठं असायचं, मग गुडघा गेला, आता पुण्याला नोकरी. मी त्या रात्रीनंतर जोडीत खेळलो नाही, एकट्यानेही फार नाही. त्याच्यामुळे सोडलं असं लोक धरून चालतात. पाठ दुखत होती हे कुणाला सांगून पटत नाही.

काही जण समजूत घालायला रॉकर्सचीच गोष्ट पुढे करतात. १४ मार्च २००५ ला शॉन आणि मार्टी पुन्हा एकत्र आले, ला रेझिस्टन्स या जोडीला हरवलं, लोकांनी घर डोक्यावर घेतलं. हो, आले. एका रात्रीसाठी. दुसऱ्या दिवशी शॉन शॉन होता.

आता एक नवीन आयोजक आलाय, म्हणतो दोघांना परत उभं करू, ग्राउंड तेच. मामेभावाचा फोन आला होता. मी विचारलं, शेवट काय आहे? तो म्हणाला, "तू म्हणशील तो." हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही, आणि का आवडलं नाही हे त्याला समजावता आलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जायचं तर जा. पैसे आधी घे."

मी अजून हो म्हटलेलं नाही.