फुगवायची होडी घेताय? आधी हवेचं गणित समजून घ्या

दिवाळीनंतर पाणी निवळतं, धरणं तुडुंब असतात आणि नाशिकमध्ये बऱ्याच जणांच्या मनात फुगवायच्या होडीचा विचार घोळायला लागतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ही होडी खरंच सोयीची. दोन माणसांची कयाक (वल्ह्याने चालवायची होडी) घडी करून डिकीत मावते, वजन साधारण १२ ते १७ किलो. पण तिचं सगळं काम हवेवर चालतं, आतल्या आणि बाहेरच्या. बहुतेक अडचणी या दोन हवांकडे दुर्लक्ष केल्यामुळेच येतात.

खरेदी करताना आधी कापड पाहा. स्विमिंग पूलसाठी मिळणाऱ्या होड्या नुसत्या पातळ व्हिनाइलच्या असतात. त्या ताणल्या जातात, आणि एक काटा लागला की चीर वाढतच जाते. धरणावर न्यायची असेल तर आत पॉलिस्टरचं विणलेलं कापड असलेलं पीव्हीसी हवं. हवेचे कप्पे किमान दोन, शक्यतो तीन आणि एकमेकांपासून वेगळे असावेत, म्हणजे एक गेला तरी होडी तरंगत राहते. खोक्यावर १८० किलो क्षमता लिहिली असेल तर १२० ते १३० किलोच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त वजनात होडी तरंगते खरी, पण काठ पाण्याला टेकतात आणि ती वळवता येत नाही. तळाला पंख (खाली उभी बसणारी पट्टी) आहे ना, तेही बघून घ्या. पंख नसेल तर प्रत्येक वल्ह्यासरशी नाक फिरतं आणि निम्मी ताकद सरळ राहण्यातच जाते. या होड्या रुंद असतात, त्यामुळे वल्हं २३० सेंटिमीटरच्या आसपासचं घ्या. त्याहून आखूड घेतलं तर दर वेळी बोटं काठावर घासतात.

आता पंप. पंक्चरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर होडीला अजिबात लावू नका. तो टायरसाठी आहे. होडीच्या बाजूच्या नळ्यांना साधारण २ ते ३ पीएसआयच (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) लागतात, आणि तेवढ्याशा दाबावर कॉम्प्रेसर हाताबाहेर जाऊन शिवण उघडायला वेळ लागत नाही. दांडा वर ओढतानाही आणि खाली दाबतानाही हवा भरणारा, मीटर असलेला हातपंप घ्या. सपाट, कडक तळाच्या (ड्रॉप-स्टिच) होडीत तळाला ६ ते १० पीएसआय लागतात. नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो, तोच खरा मानायचा.

एक कप्पा पूर्ण भरून मग दुसऱ्याकडे वळू नका. सगळे कप्पे आधी निम्मे भरा, तळ सरळ बसलाय ना ते हाताने चाचपून पाहा, मग एकेक पूर्ण करा. एकच बाजू टम्म झाली की तळ तिरका अडकतो आणि मधल्या शिवणींवर ताण येतो. स्प्रिंगच्या झडपेत मधली खुंटी वर उठलेली असली पाहिजे. ती दाबून फिरवलेल्या स्थितीत राहिली तर पंपाची नळी काढताक्षणी सगळी हवा बाहेर. आणि झडपेच्या पडद्याखाली वाळूचा एक कण जरी अडकला तरी होडी तासाभरात मऊ पडते. बरेच जण याला पंक्चर समजून उगाच ठिगळ शोधत बसतात. आधी झडप ओल्या फडक्याने पुसून पाहा.

तापमानाचाही हिशेब ठेवा. सकाळी २५ अंशांत ३ पीएसआय भरले आणि दुपारी होडी काठावर उन्हात ठेवली, आतली हवा ५० अंशांवर गेली, की दाब साडेचारच्या आसपास पोचतो. म्हणजे जवळपास दीडपट. जेवायला काठावर आलात तर होडी सावलीत ओढा, नाहीतर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. थंड पाण्यात याच्या उलट होतं. उतरल्यावर दहा मिनिटांनी दाब कमी झालेला दिसतो. ती गळती नसते, थोडी हवा परत भरायची.

काठावर मोठा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. पाणी मागे सरकलं की काठाला काटे, खडकाची धारदार टोकं आणि झाडांचे खुंट उघडे पडतात. होडी ओढत नेऊ नका, दोघांनी उचला. फुगवण्यासाठी खाली जुनी ताडपत्री अंथरा. गुडघाभर पाण्यात गेल्यावरच बसा, नाहीतर पंख गाळात रुतून मोडतो.

भोक पडलंच तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. होडी पूर्ण रिकामी आणि कोरडी करा, जागा ॲसिटोनने हलकीच पुसा. ठिगळ गोल कोपऱ्यांचं आणि भोकाच्या सगळीकडून २-३ सेंटिमीटर मोठं कापा. पीव्हीसीचा दोन भागांचा गोंद दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकट पण ओला न लागेपर्यंत थांबा, गोंदाचा दुसरा हात द्या, मग चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत जा. २४ तास हवा भरायची नाही. इथेच लोक घाई करतात आणि ठिगळ दुसऱ्या दिवशी उचकटतं.

आता बाहेरची हवा. ही होडी हलकी, पाण्यावर उंच बसणारी, त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. नवख्याचा वल्हवण्याचा वेग ताशी ४-५ किलोमीटर, म्हणून वारा ताशी १२-१५ किलोमीटरवर गेला की निघूच नका. गोदावरी पूर्वेकडे वाहते, त्यामुळे गंगापूर धरणाचा फुगवटा (अडवलेलं पाणी) भिंतीच्या पश्चिमेला आहे आणि पश्चिमेचा वारा थेट भिंतीकडे लोटतो. नियम एकच: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे थकल्यावर वारा घरी आणतो. थंडीतली सकाळ उत्तम. पावसाळ्यात नाव काढू नका. विसर्ग सुटला की गोदावरी, दारणा कशाचाच भरवसा नाही.

परवानगीशिवाय उतरू नका. धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत आणि गंगापूरचं पाणी शहर पितं. शाखा कार्यालयात आधी विचारा, नाहीतर परवानाधारक बोट क्लबमध्येच सुरुवात करा. रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेल्या नांदूर मध्यमेश्वरला होडी नेण्याचा विचारही नको, ते पक्ष्यांचं घर आहे. मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले तर लांबून वळसा घाला. त्यांची रोजी त्यावर आहे.

लाइफ जॅकेट पट्टे आवळून अंगावर हवं, होडीत उशाला ठेवून चालणार नाही. खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीवरून सरकत कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. आणि छातीभर पाण्यात, सोबत माणूस असताना, मुद्दाम उलटून परत चढायचा सराव करा. होडीचा पलीकडचा काठ धरायचा, पाय मागे पसरून पाणी मारायचं, पोटावर आडवं येऊन मग वळायचं. पाणी खोल होण्याआधी हे अंगवळणी पडलेलं बरं.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, शिवणींतलं पाणी फडक्याने टिपा, सावलीत पूर्ण वाळू द्या. ओली घडी घातली की चार दिवसांत बुरशी धरते. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, नंतर त्यावर ठिगळ चिकटत नाही. घडी सैल ठेवा, आणि गोदामात किंवा माळ्यावर उंदीर असतील तर पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या पेटीतच ठेवा.