कंट्रोलर म्हणे फुल, बॅटरी मात्र उपाशी

राजापूरकडच्या आमच्या गावच्या घरी 150 अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत. सिरीजमध्ये जोडलेल्या, 24 व्होल्टच्या इन्व्हर्टरला. वर सोलर पॅनेल, आणि त्यावरून होणारं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर. मे अखेरीस मुंबईला परतताना मी नको तो शहाणपणा केला. वीजबीज पडेल म्हणून मेन स्विच पाडला, पॅनेलचाही पाडला, आणि इन्व्हर्टर चालूच ठेवून कुलूप लावलं. तो थोडं थोडं पीत बसला, आणि रिकाम्या बॅटऱ्या अख्खा पावसाळा तशाच पडून राहिल्या.

गणपतीला आलो. पॅनेल जोडल्यावर तासाभरात कंट्रोलरने 'फुल' दाखवलं. आरतीला लाइट गेली आणि वीस मिनिटांत इन्व्हर्टर किंचाळायला लागला. इलेक्ट्रिशियनने दारातूनच निकाल दिला, "गेल्या. नवीन टाका."

शेजारच्या अण्णांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. ते हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, घेऊन आले, व्हेंटचा फ्लोट काढून नळी सेलमध्ये (एका बॅटरीत असे सहा कप्पे) घातली आणि रबरी फुगा सोडला. 1130. भरलेल्या सेलला 1240 हवं. "व्होल्ट बघून फसलास रे," म्हणाले. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं, आठवडेच्या आठवडे राहिलं तर कडक खडे होतात. अशा बॅटरीचे व्होल्ट चार्जिंग लागताच झरकन चढतात. कंट्रोलरला वाटतं पोट भरलं, तो हात आखडता घेतो.

बॅटऱ्या माजघरातून पडवीत काढल्या. मखराशेजारी समई तेवतेय आणि चार्ज होताना बॅटरी सोडते हायड्रोजन! टर्मिनलवरची बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली. उघड्या प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. बाकीचं चार्जिंगनंतर, नाहीतर उतू जातं. मी ॲसिड आणायला निघालो होतो. "ॲसिड कुठे गेलं नाही, प्लेटांत बसलंय," म्हणत अण्णांनी मला मागे फिरवलं.

सिरीज सोडवून अण्णांच्या जुन्या चार्जरवर एकेक बॅटरी लावली. सुई दोन अँपिअरच्या वर जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच, रात्री आठ. तिसऱ्या दिवशी सेलांतून भात रटरटल्यासारखा आवाज. शेवटी इक्वलायझिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणायचं जास्तीचं चार्जिंग: कमी करंटवर 15.5 व्होल्टपर्यंत नेऊन दर तासाला हायड्रोमीटरचं रीडिंग, मधूनमधून डबा फार तापला नाही ना ते बघायचं. सलग तीन रीडिंग तीच आली की बंद. (पँटला भोकं पडल्याचं मुंबईत धुतल्यावर कळलं.)

बारापैकी अकरा सेल 1230 च्या आसपास आले. दुसऱ्या बॅटरीतला तिसरा 1190 ला अडला तो अडलाच. नव्यासारखा बॅकअप नाही, पण एक पंखा आणि चार एलईडी रात्र काढतात.

यंदा निघताना उलटं केलं: इन्व्हर्टरची बॅटरीकडची वायर सोडवली, पॅनेल चालू ठेवलं, कंट्रोलरला बूस्ट (भरतानाचे व्होल्ट) 28.8 आणि फ्लोट (भरल्यावर टिकवायचे) 27.2. चुलतभाऊ महिन्यातून एकदा बारा आकडे व्हॉट्सॲपवर पाठवतो. कालच्या यादीत त्या तिसऱ्या सेलपुढे 1185 होतं, आणि एक रडका चेहरा.