हिंगाची धुरी आणि 400 ग्रॅम मीठ

आज लोणच्यासाठी 2 किलो राजापुरी कैरी आणली. घरच्या विळीवर बाठ फुटत नाही हे मला दरवर्षी नव्याने कळतं, म्हणून यंदा मुकाट्याने बाजारातूनच फोडून घेतली. फोडी पुसून पंचावर पसरल्या. मीठ मोजताना लेक ओरडली, "आई, 400 ग्रॅम? एवढं?"

एवढंच लागतं. गेल्या वर्षी बीपीच्या धाकाने हात आखडता घेतला आणि तेलही कमी पडलं. श्रावणात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. अख्खी बरणी खतात गेली. (सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.)

म्हणून यंदा काचेची बरणी धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवली. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून वर बरणी उपडी धरली. धूर आत गोल गोल फिरत राहिला, काच पिवळट झाली, हात अजून हिंगाळलेत. फोडणी पार गार झाल्यावरच ओतली, तेल फोडींच्या बोटभर वर.

बरणीच्या तोंडाला बांधायच्या दादऱ्यासाठी फडकं शोधत होते, तर सासूबाईंनी कपाटातून मामंजींच्या धोतराचा तुकडा काढून दिला. म्हणाल्या, "आठ दिवसांनी तेल बघ गं. फोडी पितात."