काळ्या कपड्यांतले बँकॉक

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी थायलंडचे राजे भूमिबोल अदुल्यदेज यांचे बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात निधन झाले, तेव्हा नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या आम्हा परक्यांपुढे सर्वांत आधी उभा राहिला तो कपड्यांचा प्रश्न. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वर्षभराचा दुखवटा जाहीर झाला होता आणि इतरांनी तीस दिवस करमणुकीचे कार्यक्रम टाळावेत, असे सांगण्यात आले होते. पण सामान्य माणसेही आपणहून काळ्या कपड्यांत वावरू लागली. पाहता पाहता काळे सदरे दुकानांतून नाहीसे झाले, किमती इतक्या वाढल्या की वाणिज्य मंत्रालयाला विक्रेत्यांना तंबी द्यावी लागली, आणि स्वयंसेवक मोठ्या पातेल्यांत रंग उकळवून लोकांचे जुने कपडे फुकट काळे करून देऊ लागले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे रंगही गेले.

आपल्याकडचा राष्ट्रीय दुखवटा म्हणजे बहुधा सात दिवस अर्ध्यावर उतरवलेला ध्वज; घरातल्या दिनक्रमाला त्याचा स्पर्श क्वचितच होतो. तेथे सत्तर वर्षे राज्य केलेला राजा गेला होता आणि बहुसंख्य लोकांनी आयुष्यात दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानाकडे जाणाऱ्यांना मोटारसायकलवाले पैसे न घेता सोडत होते, तेथे जेवण आणि पाणी फुकट वाटले जात होते. हे कोणाच्या धाकाने होत नसते. तरीही राजाचा अवमान केल्यास प्रत्येक गुन्ह्यासाठी तीन ते पंधरा वर्षांचा तुरुंगवास सांगणारे कलम ११२ त्याच देशात आहे, आणि काळे न घातलेल्यांना समाजमाध्यमांवर धारेवर धरणारेही होते. तेव्हा अमक्याच्या अंगावरचा काळा रंग किती दुःखाचा आणि किती भीतीचा, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये, असे माझे मत झाले.

त्यातच ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आले. ‘आपला काय संबंध?’ असे म्हणणारे आमच्यात होते. पण वाड्यात शेजारी मयत झाली तर आपण रडत नाही, रेडिओ मात्र बंद करतो, इतकाच हा संबंध होता. फटाके आणि मेळावा रद्द करण्याबद्दल दुमत नव्हते. अडले ते नेसण्यापाशी. संक्रांत सोडली तर सणाला काळे नेसायचे नाही. काळे नसल्यास पांढरे चालेल अशी तेथे मुभा होती, पण लक्ष्मीपूजनाला सवाष्णीने पांढरे नेसायचे कसे? अखेर बायकांनी करड्या आणि गडद निळ्या साड्या काढल्या, फराळ दारे लावून झाला, आणि एका आजींनी मात्र हिरवे लुगडे नेसून, मी घराबाहेर पडणारच नाही, असे सांगून वाद मिटवला.

अंत्यसंस्कार झाले ते पुढच्या वर्षी, २६ ऑक्टोबर २०१७ रोजी. राजांचा जन्म सोमवारचा आणि सोमवारचा थाई रंग पिवळा, म्हणून त्याआधी शहरभर झेंडू लावला गेला होता. दसऱ्या-दिवाळीच्या त्या दिवसांत आमच्या दारांवरही झेंडूचीच तोरणे होती, आणि या वेळी ती बाहेर लावावीत की आत, असे कोणी विचारले नाही.