टेलचा रेडिएटर

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या आमच्या जुन्या विटांच्या घरात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. नोव्हेंबरमधल्या एका दुपारी तिथे लिहायला बसलो असताना सवयीने रेडिएटरला, म्हणजे बॉयलरचे गरम पाणी आतून फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीलगतच्या लोखंडी पेटीला, हात लावला, तर तो खाली कोमट आणि वर गार होता. बॉयलर सकाळपासून चालू होता, पुढच्या दालनातल्या रेडिएटरवर टाकलेले मोजे वाळून कडक झाले होते, आणि मी मात्र घरात कानटोपी घालून बसलो होतो. रेडिएटरला हात लावण्याची ही खोड आता माझ्या अंगवळणी पडली आहे. कुणाच्या घरी दिवाळीच्या फराळाला गेलो, तरी चकलीची बशी एका हातात धरून दुसऱ्या हाताची पालथी बाजू मी रेडिएटरच्या वरच्या कडेला आणि मग खालच्या कोपऱ्याला टेकवतो. यजमानांना वाटते, पाहुण्याला थंडी वाजते आहे, आणि ते बिचारे थर्मोस्टॅट वाढवायला उठतात.

वर गार आणि खाली गरम असेल, तर आत हवा साठलेली असते, इतके या देशात पहिला हिवाळा काढलेल्या माणसालाही कळते. आमच्या गावाकडे विहिरीवरच्या मोटारीने ‘एअर धरली’ म्हणतात, तोच हा प्रकार. त्यावरचा उपाय म्हणजे चौकोनी भोकाची एक लहानशी पितळी किल्ली, जी प्रत्येक घरात असते आणि गरजेच्या वेळी कुठल्याही घरात सापडत नाही. बॉयलर बंद करून, पाणी थोडे निवू देऊन, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला ती लावायची आणि अर्धा फेरा फिरवायची. आधी नुसता फुस्स असा आवाज येतो, मग थुंकल्यासारखे थेंब उडतात, आणि सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. खाली फडके धरले नसेल, तर गालिच्यावर काळा डाग पडतो, कारण वर्षानुवर्षे त्याच नळ्यांतून फिरणारे ते पाणी शाईसारखे झालेले असते. बाहेर पडणारी ती ‘हवा’ पुष्कळदा हवा नसतेच. आतले लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि वर जाऊन बसतो, त्यामुळे अंधारात नीट दिसावे म्हणून तिथे काडी पेटवण्याचा विचारही करू नये. हे सगळे आटोपल्यावर बॉयलरच्या दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहायचे. यंत्रणा थंड असताना तो 1 ते 1.5 बारच्या दरम्यान असावा लागतो आणि हवा काढल्यावर तो खाली येतो, म्हणून नळाचे थोडे पाणी आत सोडायचे.

याच्या उलट प्रकार, म्हणजे वर गरम आणि खाली मध्यभागी गार, हा अधिक वाईट. तिथे गाळ बसलेला असतो. तो गाळ म्हणजे रेडिएटरच्याच पोटातले लोखंड, काळ्या ऑक्साइडच्या रूपात, आणि ते चुंबकाला चिकटते, म्हणून हल्ली बॉयलरजवळ परतीच्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवतात. तिसरा एक प्रकार उन्हाळ्यानंतर हमखास होतो. रेडिएटर किती तापवायचा ते ठरवणाऱ्या, आकडे लिहिलेल्या गोल मुठीच्या आतली खीळ महिनोन्महिने दाबलेली राहून तिथेच अडकते आणि पूर्ण रेडिएटर बर्फासारखा गार राहतो. मूठ काढून खिळीला हलकेच टकटक केले की ती पुन्हा वर येते. या आकड्यांवरून आमच्या घरात वाद होतात ते वेगळेच. 5 वर ठेवले म्हणून खोली 3 पेक्षा लवकर तापत नाही, ती फक्त अधिक तापेपर्यंत थांबत नाही, हे मी कित्येकदा सांगितले आहे, आणि माझ्या पाठीमागे मूठ पुन्हा 5 वर गेलेली असते.

हवा काढूनही मागच्या खोलीचा रेडिएटर तापला नाही. आता तो वरपासून खालपर्यंत सारखाच कोमट झाला होता, एवढाच काय तो फरक. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता. बॉयलर स्वयंपाकघरात, त्याच्या शेजारी दालन, मग जिना, वरच्या दोन खोल्या आणि सर्वांत शेवटी माझी खोली, असा त्या नळ्यांचा प्रवास आहे. पंप ढकलतो ते पाणी सोप्या वाटेने जाते, आणि जवळच्या रेडिएटरमधून चटकन परत फिरणे ही सर्वांत सोपी वाट असते. आमची खोली टेलला होती.

टेल म्हणजे काय, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. आजोबांची जमीन इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीच्या अगदी शेपटाला होती. हा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीकडचा ऊस त्याच्यावर वाढला, पण चारीच्या टोकाला त्याचे पाणी पोहोचेल याची खात्री कुणालाच नसे. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज हेडच्या, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्या, शेतकऱ्यानेही भरलेला असे आणि आजोबांनीही, पाणी वाटणारा पाटकरी दोघांनाही तारीख सांगे, आणि तरी आवर्तन सुटले की वरची राने दोनदा भिजत आणि आमच्या चारीत ढेकळे तशीच असत. मे महिन्याच्या सुटीत एकदा रात्री आजोबा मला बरोबर घेऊन दारे धरायला गेले होते. त्यांच्या खांद्यावर खोरे आणि माझ्या हातात बॅटरी. बांधावर बसून पुष्कळ वेळ गेला. मी सारखा ‘कधी येणार’ विचारत राहिलो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘वरच्यांचं भागलं की येतंय बघ.’’ पाणी आले ते पहाटेकडे. आधी फेस आला, त्यावर पाचटाचे तुकडे आणि मुंग्या, आणि मागून बोटभर उंचीची एक तपकिरी जीभ सरकत आली. काळ्या रानातल्या भेगांत ती शिरली आणि भेगांतून बुडबुडे येऊ लागले, रान फुसफुसू लागले. आजोबांनी वाफ्याचे तोंड खोऱ्याने मोडले आणि काही न बोलता ते पुढच्या वाफ्याकडे गेले. पाणी टेलकडून हेडकडे द्यावे, असा सरकारी नियम आहे, हे मला मोठेपणी वर्तमानपत्रातून कळले.

रेडिएटरच्या बाबतीत मात्र पाटकरी मीच होतो. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, प्लास्टिकच्या टोपीखाली, एक व्हॉल्व्ह असतो. तो मुद्दामच हाताने फिरत नाही, त्याला पाना लागतो, कारण एकदा जमवलेली वाटणी कुणी येता-जाता बिघडवू नये. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, थंड घरात बॉयलर सुरू करायचा आणि कोणता रेडिएटर आधी तापतो, त्याचा क्रम कागदावर लिहायचा. मग पहिल्याचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून जेमतेम पाव फेरा उघडा ठेवायचा, त्यानंतरच्याचा थोडा अधिक, आणि शेवटच्याचा पूर्ण उघडा. म्हणजे गार खोलीत करण्यासारखे काहीच नसते, जे करायचे ते गरम खोल्यांत जाऊन करायचे. घरच्यांना हे पटवणे पाना फिरवण्याहून अवघड आहे. दालनातला रेडिएटर उत्तम चालला असताना त्याला हात का लावायचा, या प्रश्नाला माझ्याकडे भौतिकशास्त्रातले उत्तर होते आणि ते कुणी ऐकून घेतले नाही. जवळच्या रेडिएटरमधून पाणी गरमच्या गरम परत आले, तर आजकालच्या कंडेन्सिंग बॉयलरचा उपयोग निम्मा वाया जातो, कारण परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल, तरच धुरातल्या वाफेचे पाणी होऊन तिची उष्णता घराला मिळते. गॅसच्या बिलाचे नाव काढल्यावर मात्र विरोध मावळला.

प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पाणी स्थिरावेपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे हे काम एका बैठकीत होत नाही. अखेरीस माझी खोली तापली, मोजे वाळायला अधिक वेळ लागू लागला, आणि मला या कामाची अशी काही गोडी लागली की शेजारच्या आजींच्या घरी मागची बाजू गार असते असे कळल्यावर मी किल्ली आणि पाना घेऊन आपण होऊन गेलो. त्यांच्या लहानपणी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरत असे आणि कोळशाच्या शेगडीपुढे सगळे घर एका खोलीत गोळा होत असे, हे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते. मी खालपासून वरपर्यंत सगळे रेडिएटर हाताने तपासले. हवा कुठेच नव्हती, गाळ नव्हता, बॉयलरचा काटा जागेवर होता. बसायच्या खोलीतला एक सोडून प्रत्येक रेडिएटरची मूठ हिमफुलाच्या खुणेवर होती, जिथे नळ्या गोठणार नाहीत एवढीच ऊब सुटते. 2022 च्या ऑक्टोबरात सरकारने दरांना मर्यादा घातली, तेव्हाही सामान्य घराचे गॅस आणि विजेचे वार्षिक बिल अडीच हजार पौंड धरले होते, आणि आजींनी तेव्हापासून या मुठी फिरवलेल्या नव्हत्या. दुरुस्त करण्यासारखे तिथे काही नव्हते. त्यांनी चहा केला, तो त्या एका खोलीत बसून घेतला आणि मी पाना खिशात घालून घरी आलो.