बोटीने थेम्स, केबल कारने रॉयल डॉक्स: लंडनचा एक दिवस

लंडनला येणारी बरीच मराठी कुटुंबं दुमजली सहलबसचं तिकीट काढतात आणि अर्धा दिवस वाहतुकीत अडकून घालवतात. ज्या नदीमुळे हे शहर वसलं, ती मात्र पुलावर उभं राहून फोटो काढण्यापुरतीच दिसते. आमचा मार्ग असा होता: सकाळी वेस्टमिन्स्टरला बोट धरायची, ग्रीनिचला उतरून तीन-चार तास फिरायचं, पुन्हा बोटीने नॉर्थ ग्रीनिचला जायचं, तिथून केबल कारने नदी ओलांडून रॉयल डॉक्स हा जुन्या गोद्यांचा भाग गाठायचा आणि परतताना रेल्वे घ्यायची. बोट आणि केबल कार ही दोन्ही शहराची रोजची वाहनं आहेत, आधी जागा राखून ठेवावी लागत नाही. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जुन्या स्टेशनांवरचे जिने आणि लांब बोगदे टळत असल्याने गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठीही हा मार्ग सोयीचा आहे.

पैशांचं आधी बघा, कारण घोळ तिथेच होतो. बोटीवर आणि केबल कारला कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (लंडनच्या वाहनांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) चालतं. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या सुविधा सहसा मुळात बंद असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून दोन्ही चालू करून घ्या. व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतात, रुपेच्या भरवशावर राहू नका. एका माणसाला एक कार्ड लागतं, नवरा-बायकोने एकाच कार्डावर जाता येत नाही. तेच कार्ड फोनमध्ये घातलं असेल, तर यंत्राला फोन आणि प्लास्टिकचं कार्ड वेगळे वाटतात. सकाळी जे वापराल तेच दिवसभर वापरा.

मुलांच्या बाबतीत अनेकांचे पैसे वाया जातात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना सवलत आहे आणि ५ वर्षांखालच्यांना भाडं नाही. पण मुलाच्या हातात बँकेचं कार्ड देऊन टॅप करायला लावलं, तर मोठ्या माणसाचं पूर्ण भाडं कापलं जातं. मुलांचं तिकीट खिडकीवर किंवा ॲपवरच काढा.

ट्यूब आणि बसला दिवसभराच्या खर्चावर कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. बोट आणि केबल कार या मर्यादेत येत नाहीत, त्यांचं भाडं वेगळंच पडतं. ट्रॅव्हलकार्ड (ठरावीक मुदतीचा प्रवास-पास) असेल तर नदीवरच्या बोटीला एक तृतीयांश सूट मिळते, केबल कारला मात्र ते कार्ड चालत नाही. बोटीचं भाडं पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तीन विभागांवर ठरतं. ग्रीनिच पूर्वेत येतं, त्यामुळे वेस्टमिन्स्टरहून तिथे जाताना मध्य आणि पूर्व असे दोन विभाग लागतात. मध्ये दोनपेक्षा जास्त ठिकाणी उतरायचं असेल, तर दिवसभर चालणारं रिव्हर रोमर तिकीट परवडतं. आमच्यासारखं एकदाच उतरायचं असेल, तर सुट्या फेऱ्यांचा हिशेब करून मगच ते घ्या.

वेस्टमिन्स्टरचा धक्का पुलाच्या पायथ्याशी, बिग बेनच्या अगदी समोर आहे. एकाच धक्क्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी लागतात आणि रांगा एकमेकींत मिसळतात. माहिती सांगणाऱ्या सहलबोटी वेगळ्या. त्या सावकाश जातात आणि त्यांवर इंग्रजीत सतत निवेदन चालू असतं. आपल्याला हवी ती उबर बोट थेम्स क्लिपर्सची, आरबी १ क्रमांकाची, पूर्वेकडे जाणारी. उलट दिशेची बोटही त्याच धक्क्याला लागते, म्हणून फलकावरचं शेवटच्या थांब्याचं नाव वाचा. चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्रावर टॅप करायचं आणि उतरल्यावरही करायचं. उतरल्यावर विसरलात तर सर्वांत जास्त भाडं कापलं जातं. गर्दीत लोंढ्याबरोबर बाहेर पडताना हमखास असंच होतं.

आमच्या मते सहलबोटीपेक्षा ही रोजची बोट सरस आहे. दिवसा साधारण वीस मिनिटांना एक येते, ग्रीनिचला पाऊण तासाच्या आसपास पोहोचवते आणि आत स्वच्छतागृह व चहा-कॉफीची सोय आहे. मागच्या बाजूला उघडा डेक असतो, जागा पकडायची ती तिथे. पुढच्या थांब्यांवर तो लगेच भरतो, म्हणूनच वेस्टमिन्स्टरला किंवा त्याच्याही आधी बॅटर्सीला चढावं. जूनमध्येसुद्धा वारं न शिरणारं जाकीट हवं. मध्य लंडनमध्ये वेगाला बंधन असल्याने बोट संथ जाते, पण टॉवर ब्रिज मागे टाकून थोडं पुढे गेली की ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावते. टोप्या इथेच उडतात.

धक्क्याच्या उताराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. थेम्सला लंडनमध्ये समुद्राची भरती-ओहोटी आहे, तीही थेट शहराच्या पश्चिमेच्या टेडिंग्टनपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला लंडन ब्रिजपाशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा फरक पडतो. धक्के तरंगते असल्याने बोटीत पाय टाकणं कायम सोपं असतं, पण किनाऱ्यावरून धक्क्यावर नेणारा रॅम्प पाण्याबरोबर वर-खाली होतो. भरतीला तो जवळपास सपाट असतो, ओहोटीला चांगलाच तीव्र. बाबागाडी, व्हीलचेअर किंवा काठी घेऊन चालणारं माणूस सोबत असेल, तर भरतीच्या आसपासची वेळ निवडा. पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी भरतीचं वेळापत्रक प्रसिद्ध करते. ओहोटीला काठावरची वाळू आणि खडे उघडे पडतात. तिथे जुन्या वस्तू वेचणारे लोक दिसतील, पण त्यासाठी परवाना लागतो. खाली उतरून काही उचलू नका.

पूर्वेकडे जाताना डावीकडे उत्तर काठ, उजवीकडे दक्षिण काठ. उजवीकडे आधी १३५ मीटर उंच लंडन आय येतो, मग टेट मॉडर्न, ग्लोब थिएटर, ३१० मीटरचा शार्ड आणि एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका. डावीकडे सेंट पॉल्सचा घुमट आणि टॉवर ऑफ लंडन. टॉवरच्या तटबंदीत पाण्याच्या बाजूला ट्रेटर्स गेट आहे. कैद्यांना नदीतून आत नेत ती हीच कमान, आणि तिचा अर्थ बोटीतूनच नीट कळतो. पुलांकडेही लक्ष ठेवा. वेस्टमिन्स्टर ब्रिजचा हिरवा रंग हाऊस ऑफ कॉमन्सच्या बाकांचा आहे, तर वरच्या अंगाच्या लॅम्बेथ ब्रिजचा लाल रंग लॉर्ड्सच्या बाकांचा. १८९४ चा टॉवर ब्रिज उंच जहाजांसाठी उघडतो, आपली बोट मात्र बंद पुलाखालून आरामात जाते. पूल उघडताना पाहायचा असेल तर त्याच्या वेळा आधी जाहीर होतात.

एम्बँकमेंटच्या धक्क्यापासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले ती संस्था पाहायची असेल तर इथे उतरा, पुढच्या बोटीसाठी नवं भाडं पडेल एवढं लक्षात ठेवा.

ग्रीनिचला बोटीतून उतरल्याबरोबर समोर कटी सार्क दिसतं, १८६९ चं चहावाहू शिडाचं जहाज. वेधशाळेला जाण्याआधी जेवून घ्या. ग्रीनिच मार्केट धक्क्यापासून जवळ आहे आणि तिथल्या ठेल्यांवर शाकाहारी पदार्थ सहज मिळतात. वेधशाळेच्या टेकडीवर चढ तीव्र आहे, सावकाश पंधरा मिनिटं लागतात.

मूळ रेखावृत्ताच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या रेषेच्या, दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढायचा तर वेधशाळेचं तिकीट काढून अंगणात जावं लागतं आणि तिथे रांग असते. पण हीच रेषा भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही दाखवलेली आहे आणि तिथे पैसे लागत नाहीत. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, तो हिशेब इथून सुरू होतो, म्हणून मुलांना ही रेषा दाखवाच. फोनच्या जीपीएसवर मात्र इथे शून्य रेखांश दिसत नाही, त्यासाठी आणखी सुमारे १०२ मीटर पूर्वेला जावं लागतं. जुनी रेषा दुर्बिणीतून ताऱ्यांचे वेध घेऊन ठरवली होती आणि त्यात ओळंब्याची दिशा धरली होती. ओळंबा जमिनीखालच्या वस्तुमानाच्या असमान वाटणीमुळे किंचित कलतो. जीपीएस पृथ्वीच्या केंद्राशी जोडलेली मोजणी वापरतं, त्यामुळे हा फरक पडतो. फोन बिघडलेला नाही.

प्रवेशद्वाराबाहेरचं २४ तासांचं घड्याळही पाहा. ते वर्षभर ग्रीनिचची वेळ दाखवतं, म्हणून उन्हाळ्यात तुमच्या मनगटी घड्याळापेक्षा एक तास मागे दिसेल. वेधशाळेच्या छतावरचा लाल गोळा १८३३ पासून आहे. तो १२ वाजून ५५ मिनिटांनी अर्धा वर चढतो, १२ वाजून ५८ मिनिटांनी टोकाला जातो आणि बरोबर १ वाजता खाली पडतो. नदीतल्या जहाजांवरची घड्याळं यावर लावली जात. तो पाहायला खाली बागेत १२:५० ला उभं राहायचं. वाऱ्याच्या दिवशी गोळा चढवत नाहीत.

ग्रीनिचहून नॉर्थ ग्रीनिच हा पुढचा टप्पा दहा मिनिटांच्या आसपासचा आहे. तो बसनेही होतो, पण बोट सोडू नका. नदी इथे मोठं वळण घेते आणि ओ२ या मोठ्या कार्यक्रमस्थळाच्या पांढऱ्या घुमटाला वळसा घालून बोट पलीकडच्या बाजूला लागते. याच टप्प्यात ती पश्चिम गोलार्धातून पूर्व गोलार्धात शिरते. घुमटाचा व्यास ३६५ मीटर आहे आणि त्यातून बारा पिवळे खांब बाहेर आलेले दिसतात. समोरच्या काठावर, ली नदीच्या मुखाशी, लंडनमधलं एकमेव दीपगृह आहे.

नॉर्थ ग्रीनिचच्या धक्क्यावरून केबल कारचं स्टेशन पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही केबल कार सुमारे १.१ किलोमीटर लांबीची आहे, नदीवर जास्तीत जास्त उंची सुमारे ९० मीटर आणि प्रत्येक पाळण्यात दहा माणसांची जागा. फेरीला दहा मिनिटांच्या आसपास लागतात, कार्यालयीन गर्दीच्या वेळी वेग वाढवतात. फिरायला आलेल्यांनी ती वेळ टाळावी. रायगडच्या रोपवेची सवय असेल तर इथे एक फरक आहे: पाळणा स्टेशनात थांबत नाही. तो मुख्य दोरापासून सुटतो, अगदी हळू सरकत राहतो आणि आपण चालत चालत आत जायचं. मग दार बंद होतं आणि तो पुन्हा दोराला पकडतो. अडचण असेल तर कर्मचाऱ्यांना आधी सांगा, व्हीलचेअरसाठी ते पाळणा थांबवतात. पाळण्यात स्वच्छतागृह नसतं, लहान मुलांना आधीच नेऊन आणा.

प्रवासाच्या दिशेने डावी असलेली बाजू धरून मागे तोंड करून बसा, म्हणजे ओ२, कॅनरी वॉर्फचे मनोरे आणि आता कापून आलेलं नदीचं वळण एका चौकटीत मिळतं. मधला खांब गेला की उलट दिशेला वळा. पूर्वेला थेम्स बॅरियरच्या चकचकीत टोप्या दिसतात. १९८२ पासून कार्यरत असलेला हा बांध समुद्राची मोठी लाट शहरात शिरण्याआधी अडवतो. त्याच बाजूला लंडन सिटी विमानतळ आहे. धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटरची आणि उंच इमारतींच्या शेजारी असल्याने विमानं ५.५ अंशाच्या उतारावरून उतरतात, नेहमीचा उतार ३ अंशांचा असतो. विमानवेड्या मुलांसाठी हीच खरी पर्वणी. मात्र शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत हा विमानतळ बंद असतो, तेव्हा आकाश रिकामं दिसेल.

फोटोंसाठी प्रकाशाचा विचार करा. शहर पश्चिमेला असल्याने दुपारनंतर मनोरे काळे दिसतात, सकाळी ते उजळलेले असतात. सूर्यास्ताचं दृश्य हवं असेल, तर जूनमध्ये सव्वानऊनंतर आणि डिसेंबरमध्ये चारच्याही आधी सूर्य मावळतो हे धरून निघा. डिसेंबरात म्हणजे ग्रीनिचचा मुक्काम कमी करावाच लागतो. काचेतलं प्रतिबिंब टाळायला लेन्स काचेला टेकवा आणि गडद रंगाचे कपडे घाला.

केबल कार बंद पडण्याचं मुख्य कारण वारा, दुसरं वीज-वादळ. ऊन पडलेलं असतानाही जोराचा वारा असेल तर ती थांबते, म्हणून नुसतं आकाश बघून चालत नाही. ग्रीनिच सोडण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर सद्यस्थिती बघा. बंद असेल, तर नॉर्थ ग्रीनिचहून ज्युबिली लाइनने एक स्टेशन कॅनिंग टाउन, तिथून डीएलआरने (डॉकलँड्स लाइट रेल्वेने) एक स्टेशन रॉयल व्हिक्टोरिया. केबल कारचं पलीकडचं टोक हेच. ओ२ मध्ये मोठा कार्यक्रम असेल, त्या रात्री दहानंतर नॉर्थ ग्रीनिच स्टेशन तुडुंब भरतं. अंधार पाहून परतायचं असेल, तर रॉयल डॉक्सच्या बाजूनेच शहरात जा.

परतीला दोन वाटा आहेत. रॉयल व्हिक्टोरियाहून डीएलआर टॉवर गेटवेला जाते. या गाड्यांना चालकाची केबिन नसते, म्हणून पुढची जागा मिळाली तर मुलं खूश होतात. घाई असेल, तर गोदीच्या काठाने चालत किंवा एक स्टेशन डीएलआरने कस्टम हाऊसला जा, तिथून एलिझाबेथ लाइन लिव्हरपूल स्ट्रीट आणि पॅडिंग्टनला थेट नेते. इथे पुन्हा ट्यूबसारखी दैनंदिन कमाल मर्यादा लागू होते, फक्त सकाळी वापरलेलंच कार्ड टॅप करा.