513 धावांचा हंगाम

सोमवार

सिअ‍ॅटल मरिनर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा 2010चा हंगाम समोर घेऊन बसलोय. 162 सामने, 61 जिंकले, 101 हरले. धावा 513, म्हणजे सामन्याला सव्वातीनसुद्धा नाहीत. 1973 साली, मरिनर्स जिच्यात खेळतात त्या अमेरिकन लीगने पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) जागी बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर आणला. तेव्हापासून 2010पर्यंत लीगमधल्या कुठल्याही संघाने पूर्ण लांबीच्या हंगामात इतक्या कमी धावा केल्या नव्हत्या.

आणि याच संघाकडे पिचर फेलिक्स हर्नांडेझ होता. 34 स्टार्ट (सुरुवातीपासून पिचिंग केलेले सामने), जवळजवळ 250 इनिंग, 232 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट केलेले बॅटर), ईआरए 2.27. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून. त्या वर्षी लीगमध्ये त्याच्याइतका कमी ईआरए कुणाचाच नव्हता. पण नावावर विजय फक्त 13 आणि पराभव 12. सीसी सबाथियाचे विजय 21, डेव्हिड प्राइसचे 19. तरी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार फेलिक्सला मिळाला. 28पैकी 21 मतदारांनी त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवलं. पिचरच्या नावावर लागणारा विजय निम्मा त्याच्या संघाच्या बॅटिंगचा असतो, हे मतदारांनी इतक्या उघडपणे मान्य केलं याचा मला अजूनही आनंद होतो.

मंगळवार

बॅटिंग थोडी कमी पडली तर धावा खूप कमी का होतात, याचा हिशेब आज नीट मांडला.

संघाच्या हाती 27 आउट असतात, इनिंगला तीन. आउट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण म्हणजे ऑन-बेस. मरिनर्सचं त्या वर्षीचं ऑन-बेस होतं 0.298, लीगचं साधारण 0.327. दिसायला फरक शंभरात तीनचा. पण होम रन (बहुधा थेट मैदानाबाहेर मारलेला बॉल) सोडला तर एक धाव करायला बहुधा दोन-तीन बॅटर एकाच इनिंगमध्ये बेसवर यावे लागतात. तीन आउट व्हायच्या आत निदान तिघे बेसवर येण्याची शक्यता काढली, तर ऑन-बेस 0.330 असताना शंभरातल्या साधारण 20 इनिंगमध्ये तसं घडतं, 0.300 असताना साधारण 16 इनिंगमध्ये. म्हणजे बेसवर येणारे नऊ टक्क्यांनी घटले की तिघे जमण्याचे प्रसंग वीस टक्क्यांनी घटतात. इथे बेरीज चालत नाही, गुणाकार चालतो.

त्यात ताकद नाही. वर्षभरात अख्ख्या संघाचे होम रन 101. टोरांटोच्या एकट्या होजे बाउतिस्ताने त्या वर्षी 54 मारले. होम रन असला की आधीचे बॅटर कितीही लांब अडकलेले असोत, सगळे घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, येतात आणि धावा होतात. तो नसेल तर बेसवर आलेल्याला पुढे ढकलायला आणखी दोन हिट (बॉल मारून बेस गाठणं) लागतात, आणि त्याच मिळत नव्हत्या.

क्रिकेटची सवय असलेल्याला हे चटकन पटत नाही. तिथे एक जण टिकला आणि दीडशे करून गेला तर बाकीच्यांचं अपयश झाकलं जातं. इथे बॅटर नवांतून एकदाच येतो, तो कितीही फॉर्मात असो. पुढची पाळी पाठीमागच्या आठांवर अवलंबून.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मरिनर्सचा बॅटर इचिरो. 2010मध्ये त्याच्या 214 हिट झाल्या. दोनशेच्या वर हिट करण्याचं ते त्याचं सलग दहावं वर्ष. वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या बॉलमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, 45. आणि त्याने केलेल्या धावा फक्त 74. सहा होम रन बाजूला काढले तर हिट आणि वॉक मिळून तो 253 वेळा बेसवर आला आणि 68 वेळा घरी पोचला, शंभरात 27. 2001मध्ये हाच इचिरो, हाच संघ: 242 हिट, 30 वॉक, 8 होम रन, 127 धावा. त्याच पद्धतीने मोजलं तर शंभरात 45. त्या वर्षी मरिनर्सनी 927 धावा केल्या आणि 116 सामने जिंकले. नऊ वर्षांत इचिरो थोडा मंदावला असेल, पण 45चे 27 त्याच्यामुळे झाले नाहीत. त्याला घरी आणायला पाठीमागे कुणी नव्हतं.

बुधवार

पाठीमागे कोण होतं तेही लिहून ठेवतो. फर्स्ट बेस, लेफ्ट फील्ड आणि डेझिग्नेटेड हिटर या तीन जागा मुळात बॅटिंगसाठीच भरायच्या. तिथे क्षेत्ररक्षणातली उणीव चालवून घेतात. फर्स्ट बेसवर केसी कॉचमनची बॅटिंगची सरासरी (वॉक सोडून दर पाळीमागे हिट) 0.217. लेफ्ट फील्डमध्ये मिल्टन ब्रॅडलीची 0.205. डेझिग्नेटेड हिटर केन ग्रिफी ज्युनियर, ज्याच्यामुळे या शहरात बेसबॉल टिकला, 0.184वर असताना 2 जूनला निवृत्त झाला. तो आकडा वाचवत नाही, पण धावांचा हिशेब करताना वगळताही येत नाही. रॉब जॉन्सन आणि अ‍ॅडम मूर हे दोन्ही कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखे) 0.200च्या खाली. म्हणजे नवांतल्या चार जागांवर प्रतिस्पर्धी पिचरला जवळजवळ विश्रांतीच मिळत होती.

गुरुवार

खरी चूक आदल्या हिवाळ्यातली, असं माझं ठाम मत आहे.

2009मध्ये मरिनर्सनी 85 सामने जिंकले, म्हणून संघ घडतोय असं वाटलं. पण त्या वर्षी त्यांनी केलेल्या धावा 640 आणि दिलेल्या 692. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ बिल जेम्सचं साधं सूत्र लावा: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. येतं 0.461, म्हणजे 75 विजय. वरचे दहा नशिबाने आणि एका-एका धावेच्या सामन्यांनी दिलेले. धावांत लीगमध्ये शेवटचा असलेला हा संघ हिवाळ्यात बॅट शोधायला निघायला हवा होता. झालं उलटं. एड्रियन बेल्ट्रे बॉस्टनला गेला आणि तिथे 28 होम रन मारले. फिलाडेल्फियाकडून आला क्लिफ ली, म्हणजे आणखी एक अव्वल पिचर.

ली काय पिचर होता! मरिनर्ससाठी 103 इनिंगच्या वर पिचिंग, 89 स्ट्राइकआउट आणि वॉक फक्त सहा. ईआरए 2.34. त्याला पाहणं हा निखळ आनंद होता. तरी 9 जुलैला त्याला टेक्सासला द्यावं लागलं, कारण तोवर हंगाम हातचा गेला होता.

एकांगी संघाला त्याच्या बलवान बाजूत भर घालून फार मिळत नाही, हे त्याच सूत्रातून दिसतं. 2010मध्ये केलेल्या धावा 513, दिलेल्या 698. सूत्राने 57 विजय. या जागी उभं राहून दहा धावा वाचवल्या तर साधारण एक विजय वाढतो. त्याच दहा धावा केल्या तर जवळजवळ दीड. पिचिंग तेच ठेवून बॅटिंग नुसती लीगच्या सरासरीची, म्हणजे 720 धावांच्या आसपास, केली असती तर 83-84 विजय आले असते. सरासरीच! बाजारात सरासरी बॅटर अव्वल पिचरपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

शुक्रवार

मैदानाचं कारण नेहमी पुढे येतं, म्हणून तेही तपासलं. तेव्हाचं सेफको फील्ड (2019पासून टी-मोबाइल पार्क) समुद्राजवळ आहे. एप्रिल-मेच्या रात्री गार असतात आणि उंच मारलेला बॉल जड झाल्यासारखा खाली येतो. वरचं सरकतं छप्पर छत्रीसारखं आहे, बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे छप्पर लावूनही हवा गारच. लेफ्ट-सेंटरकडची भिंत तर उजव्या हाताने मारणाऱ्यांना रडवायची. 2013च्या हंगामाआधी ती पुढे आणावी लागली.

हे सगळं खरं. पण मैदान धावा दहा टक्क्यांनी कमी करतं असं धरलं, तरी निम्मे सामने बाहेर होतात. वर्षाच्या हिशेबात तो परिणाम पाच टक्क्यांवर येतो, म्हणजे पंचवीस-तीस धावा. सरासरीपासूनची तूट दोनशेच्या वर आहे. शिवाय तीच गार हवा पिचरना मदत करते, म्हणून मैदानाची सवलत बॅटिंगला दिली की तेवढीच पिचिंगमधून वजा करावी लागते. फेलिक्सचा हिशेब या वजाबाकीनंतरही भक्कम राहतो.

शनिवार

धावा होत नसल्या की मॅनेजरचा हात बंटकडे, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल जवळच थोपवण्याकडे, जातो. पहिल्या बेसवर एक जण, आउट शून्य: तिथून त्या इनिंगमध्ये सरासरी 0.85 ते 0.9 धावा होतात. बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर नेलं आणि एक आउट दिला की सरासरी 0.65-0.7वर येते. एकच धाव हवी असेल आणि बॅटर अगदीच कच्चा असेल तरच हा सौदा बरा. सहाव्या-सातव्या इनिंगआधी तो करूच नये. बेस चोरण्याचं, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसकडे धावण्याचं, तसं नाही. शंभरात 70-72 वेळा यश येत असेल तर चोरी फायद्याची. आणि पाठीमागे ताकदीचे बॅटर नसतील तर तिचं मोल थोडं वाढतंच, कारण एका साध्या हिटवर धाव येण्यासाठी माणूस दुसऱ्या बेसवर असावा लागतो.

पिचरवरचा ताण मात्र लोक मोजत नाहीत. चार धावांची आघाडी असली की पिचर बेधडक स्ट्राइक टाकतो. बेसवर कुणी नसताना एखादा होम रन बसला तरी बिघडत नाही. 0-0 असताना तोच बॉल तो कोपऱ्यात टाकू पाहतो, एकेका बॅटरला जास्त बॉल लागतात, वॉक होतात, पाचव्या इनिंगलाच नव्वद बॉल होतात. मग बुलपेनमधले, म्हणजे राखीव, तेच दोन-तीन भरवशाचे पिचर रोज उठतात, कारण सामना रोजच एका धावेवर लटकलेला. ऑगस्टपर्यंत त्यांचे हात थकतात आणि मग “पिचिंगही ढासळलं” असं म्हटलं जातं. फेलिक्सने दर स्टार्टला सरासरी सात इनिंगहून जास्त टाकल्या, त्याने बुलपेनचं किती ओझं उचललं याची वेगळी नोंद कुठेच होत नाही.

15 ऑगस्ट 2012ला त्याने टँपा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. 27 बॅटर आले, 27 गेले, 12 स्ट्राइकआउट. स्कोअर 1-0. ती एक धाव तिसऱ्या इनिंगमध्ये ब्रेंडन रायनने केली, हेसूस मोंटेरोच्या हिटवर.

रविवार

मरिनर्सचा 2024चा संघ या नोंदींत ठेवायचा का? ठेवतो. तो 2010इतका वाईट अजिबात नव्हता, पण दुखणं त्याच घराण्यातलं. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुइस कास्टियो, ब्राइस मिलर, ब्रायन वू या पाच जणांनी मिळून 149 स्टार्ट केले. आजच्या काळात पाच स्टार्टर एवढे टिकणं दुर्मीळ. कर्बीने 191 इनिंगमध्ये वॉक दिले 23. गिल्बर्टने अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक इनिंग टाकल्या आणि त्याची नोंद राहिली 9 विजय, 12 पराभव.

बॅटिंगची सरासरी 0.224, स्ट्राइकआउट 1,625. स्ट्राइकआउटही शेवटी आउटच, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण तिसऱ्या बेसवर माणूस आणि दोनपेक्षा कमी आउट असताना ते लागू पडत नाही. तिथे साधा खोल फ्लाय (उंच मारलेला बॉल) किंवा सेकंड बेसमनकडे गेलेला ग्राउंडरही (सरपटी बॉलही) धाव देतो, स्ट्राइकआउट काहीच देत नाही. जूनमध्ये असलेली दहा सामन्यांची आघाडी जुलैत संपली. 22 ऑगस्टला स्कॉट सर्व्हिस यांना काढून डॅन विल्सन यांना मॅनेजर केलं आणि बॅटिंग एडगर मार्टिनेझ यांच्याकडे दिली. शेवटच्या महिन्यात बॅटर लवकर, मैदानाच्या मध्यावर मारू लागले, धावा वाढल्या. हंगाम संपला तेव्हा 85 विजय होते. डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी 86 विजयांवर प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत, गेले.

एक सामना. 162 सामन्यांत तिसऱ्या बेसवर अडकलेल्यांपैकी आणखी सात-आठ जण योग्य दिवशी घरी आले असते तर पुरलं असतं, आणि त्या पाच पिचरना ऑक्टोबरमध्ये पाहता आलं असतं.